तेहतीस कपड्यांचे शहाणपण

कपडे मोजके ठेवावेत. सगळे सगळ्यांवर चालतील असेच निवडावेत. रंग पांढरा, काळा, करडा, गडद निळा, फार तर मातकट. बाकीचे काढून टाकावेत; कपाट मोकळे झाले की डोके मोकळे होते, पैसा वाचतो आणि पृथ्वीवरचा भारही हलका होतो. हा उपदेश आता इतक्या तोंडांतून एका सुरात येतो की त्याला उत्तरपक्ष असू शकतो हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. ‘कॅप्सूल वॉर्डरोब’ हे त्याचे नाव. कुणी शंका काढलीच तर हुकमी उत्तर तयार असते: अहो, आपले आजी-आजोबा तरी दुसरे काय करत होते? दोन धोतरे, दोन लुगडी. एक अंगावर, एक दांडीवर.

मला या मताचे खंडन करायचे आहे. कपड्यांच्या ढिगाची वकिली मला करायची नाही. ज्या कपाटाचे दार खांद्याने रेटून लावावे लागते त्याचे समर्थन कोण करील? पण ढिगावर हा उतारा लागू पडत नाही, आणि ज्या आजी-आजोबांना साक्षीला बोलावले जाते ते तर चक्क उलटतात.

आधी पूर्वपक्ष. तो नीट न मांडता खोडणे म्हणजे रिकाम्या आखाड्यात शड्डू ठोकणे. १९७० च्या दशकात लंडनमध्ये ‘वॉर्डरोब’ नावाचे दुकान चालवणाऱ्या सूझी फॉ यांनी ही कल्पना रुळवली. चांगल्या कापडाचे, चांगल्या बेताचे, फॅशनबरोबर न मरणारे थोडे कपडे घ्यावेत आणि हंगामाप्रमाणे त्यांत एखाददुसऱ्याची भर घालावी, एवढे त्यांचे म्हणणे. १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या डोना कॅरन यांनी नोकरदार बायकांसाठी एकमेकांवर चालणाऱ्या सात कपड्यांचा संच बाजारात आणला. २०१० मध्ये अमेरिकेतल्याच कोर्टनी कार्व्हर यांनी आकडा पक्का केला: तीन महिने, ३३ वस्तू, दागिने आणि पादत्राणे धरून. या मताचे आधार चार. रोज काय घालायचे हा निर्णय वाचतो. थोड्या कपड्यांतून पुष्कळ जोड्या होतात, म्हणून पैसा वाचतो. खरेदी घटते, म्हणून निसर्ग वाचतो. आणि चौथा, खास आपल्याकडचा: ही आपलीच जुनी साधी राहणी आहे.

मूळच्या फॉबाईंशी माझे भांडण नाही. चांगले कापड घ्या, अंगाला नीट बसेल असे शिवा, हे सांगण्यात गैर ते काय? पण अनुयायांनी कापड आणि बेत सोडला आणि आकडा धरला. तो आकडाही पुरता सरळ नाही. कार्व्हर यांच्या नियमात आतले कपडे, झोपायचे कपडे, व्यायामाचे कपडे आणि घरात वापरायचे कपडे मोजायचे नसतात. मराठी घराला हा अपवाद लावून पाहा. आपल्याकडे बाहेरचा कपडा जुना झाला की घरातला होतो, घरातला विटला की रंगपंचमीचा होतो. कपड्याच्या आयुष्याचा मोठा भाग त्या न मोजलेल्या खणात जातो. तोच वगळून हिशेब मांडायचा, तर मग हिशेब कशाला?

शिवाय तीन-तीन महिन्यांची ही वाटणी सारख्या चार ऋतूंच्या मुलखातली. मुंबईत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. जाड सुती पँट दोन दिवस वाळत नाही, आणि कोकणात तर वाळली तरी कुबट वास जात नाही. ज्याच्याकडे पाचच शर्ट आहेत त्याने जुलैत काय करावे? थोडे कपडे म्हणजे प्रत्येकाचे जास्त धुणे, जास्त धुणे म्हणजे जास्त झिजणे. मे महिन्यात नागपूरला पांढरा शर्ट एक दिवस टिकतो, आणि काखेतली पिवळी झाक आली की शर्ट तटस्थ रंगाचा असूनही कुठेच चालत नाही.

आता जोड्यांचे गणित. वरचे दहा, खालचे पाच. दहा पंचे पन्नास. गुणाकार बिनचूक आहे. पण कुठलाही वरचा कुठल्याही खालच्यावर चालायचा तर अट अशी पडते की कुठल्याच कपड्याला स्वतःचे काही म्हणणे असू नये. पट्टे नकोत, बुट्टे नकोत, काठ नकोत, ठसठशीत रंग तर नकोच. मग जोड्या कागदावर पन्नास आणि पाहणाऱ्याच्या डोळ्याला एकच. यात गैर काही नाही. ज्याला रोज सारखेच दिसायचे आहे त्याने खुशाल दिसावे. मात्र त्याला वैविध्य म्हणू नये.

अदलाबदलीने खरेदी घटते का, याचा पुरावा आपल्या डोळ्यांदेखत घडला आहे. पूर्वी पंजाबी ड्रेस म्हणजे कमीज, सलवार, ओढणी असा तीन कापडांचा संच. ड्रेस मटेरियल घ्यायचे, शिंप्याकडे टाकायचे, त्याच्या दोन खेपा घालायच्या. घेणे हा एक बेत असे. मग लेगिंग आली आणि संच फुटला. काळी लेगिंग कुठल्याही कुर्तीवर चालते. उपदेशाप्रमाणे कपाट निम्मे व्हायला हवे होते. झाले उलटे. कुर्ती एकटी, तयार, स्वस्त मिळू लागली आणि ‘खालचे काय, आहेच घरी’ या भरवशावर एकेक उचलली जाऊ लागली. पुरुषांनी यावर हसू नये. निळ्या जीन्सने आणि टी-शर्टने त्यांच्या कपाटात तेच केले. जो कपडा कशावरही चालतो तो विकत घ्यायला कारण लागत नाही. कारण लागणे हाच खरेदीवरचा जुना लगाम होता, आणि अदलाबदलीने तो सोडवला.

उलट बाजूनेही पाहा. फ्रेंच विचारवंत दिदेरो याने अठराव्या शतकात आपल्या जुन्या झग्याच्या वियोगावर एक निबंध लिहिला. नवा लाल, उंची झगा घरात आला आणि त्याच्यापुढे टेबल, खुर्ची, भिंतीवरची चित्रे सगळे दरिद्री दिसू लागले. एकेक करून ते बदलत गेले आणि दिदेरो नव्या थाटात परका होऊन बसला. मेळ साधलेला संच असाच असतो. त्यातला एक करडा शर्ट विटला की त्याच छटेचा दुसरा लागतो. ती छटा मिळाली नाही की पँट उठून दिसते, मग पँट. माझ्या ओळखीतल्या ज्यांनी असा संच केला त्यांतल्या बहुतेकांनी सुरुवात खरेदीपासूनच केली, आणि ही खरेदी बेत म्हणून केलेली असल्याने तिची टोचणीही त्यांना लागली नाही.

निर्णयाचा थकवा हा दुसरा मोठा दावा. २०१२ मध्ये बराक ओबामांनी ‘व्हॅनिटी फेअर’च्या मायकेल लुईस यांना सांगितले की ते फक्त करडे किंवा निळे सूट घालतात, कारण इतर निर्णयच पुष्कळ असतात. स्टीव्ह जॉब्झ यांचा इस्सेई मियाके यांच्याकडून करवून घेतलेला काळा टर्टलनेक हा या संप्रदायाचा जणू भगवा झेंडा. यामागचे मानसशास्त्र रॉय बाउमायस्टर यांचे: मनाचे बळ साठ्यासारखे असते आणि लहानसहान गोष्टीही त्यातून खर्च करतात. २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून, दोन हजारांहून जास्त लोकांवर, या सिद्धांताचा एक प्रयोग पुन्हा करून पाहिला. परिणाम शून्याच्या आसपास निघाला. तज्ज्ञांतला वाद त्याने संपला असे नाही, पण पायाच इतका डळमळीत असताना त्यावर कपाट उभे करायला सांगणाऱ्याने एवढी सूचना तरी द्यायला हवी.

आणि ओबामांचे उदाहरण बायकांना देणाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातले एक उदाहरण पाहावे. कार्ल स्टेफानोविक हा तिथल्या सकाळच्या टीव्ही कार्यक्रमाचा निवेदक. त्याने वर्षभर एकच निळा सूट घातला आणि २०१४ मध्ये स्वतः सांगेपर्यंत कुणाच्या ते लक्षात आले नाही. त्याच्या शेजारी बसणाऱ्या लिसा विल्किन्सन यांच्या कपड्यांवर मात्र प्रेक्षकांचे शेरे सतत येत. तो फरक दाखवण्यासाठीच त्याने हा उद्योग केला होता. रोज तेच घालून निभावण्याची सवलत सगळ्यांना सारखी मिळत नाही. ज्याचा मान आधीच ठरलेला आहे त्याला ती मिळते. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

आता साक्षीदार. दोन धोतरे आणि दोन लुगडी हे खरेच. गरिबाघरी त्याहून कमी. पण त्या थोडक्यांत अदलाबदल मुळीच नव्हती. ब्राह्मणी घरात पूजेला आणि जेवायला मुकटा किंवा कद. तो नेसून बाहेर जायचे नाही, आणि बाहेरचे धोतर नेसून सोवळ्यात यायचे नाही. लग्नात वधूला पिवळी अष्टपुत्री, डोहाळजेवणाला हिरवे लुगडे, संक्रांतीला काळी चंद्रकळा. तीच चंद्रकळा नेसून कुणी हळदीला गेली असती तर आत घेतली नसती. आजच्या उपदेशात कुठेही चालणारा रंग म्हणून काळ्याला पहिला मान आहे. आपल्या सणवारांत तो एका सणाचा रंग. सोवळे-ओवळे ज्यांच्या घरी नव्हते त्यांच्याकडेही शेतातले लुगडे आणि जत्रेचे लुगडे वेगळे. खरोखर बहुउपयोगी असे एक घोंगडे होते: पावसात डोक्यावर खोळ, रात्री पांघरूण, पाहुणा आला की बैठक. पण ते दुसऱ्या कपड्याशी रंगाने जुळावे, अशी अपेक्षा कुणा धनगराने केल्याचे ऐकिवात नाही.

रोजचे आणि ठेवणीतले यांच्यातली ही भिंत पाडणे, हाच आजच्या मताचा गाभा. एकच कपडा कचेरीत, बाजारात, लग्नात आणि विमानात चालावा. पण कपड्याला आयुष्य मिळत होते ते त्या भिंतीमुळेच. येवल्याची पैठणी दोन-तीन पिढ्या टिकते ती कुठेही चालते म्हणून नाही. कुठेही चालत नाही म्हणून टिकते. वर्षातून दोन-चारदा बाहेर येते, वारा लागतो, घडी बदलून, मऊ सुती कापडात गुंडाळून परत जाते. घडी बदलली नाही तर रेशीम त्या रेघेवर फाटते, दमट जागी ठेवली तर जर काळवंडते, हे ज्ञान घराघरांत होते. रोजच्यासाठी दणकट इरकल. ती झिजायलाच घेतलेली. कुठला कपडा झिजवायचा आणि कुठला राखायचा हे ठरलेले असल्याने दोन्ही पुरत. सगळीकडे जाणारा कपडा सगळीकडे झिजतो.

अदलाबदल मात्र होती, आणि भरपूर होती. ती एका माणसाच्या दोन कपड्यांत नव्हती. एका कपड्याच्या अनेक माणसांत होती. या एका गोष्टीकडे डोळेझाक केल्यानेच आजचे सगळे मत वाकडे गेले आहे, असे मला वाटते. न शिवलेल्या कापडाला माप नसते. नऊ वार लुगडे, म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड, सासूला येते आणि सुनेला येते, बाळंतिणीला येते आणि कामाला वाकलेल्या बाईलाही येते. नेसण बदलते, कापड तेच. शांताल बुलांजे या फ्रेंच संशोधक बाईने १९९७ च्या आपल्या पुस्तकात भारतभरच्या शंभराहून अधिक नेसणी नोंदवल्या आहेत. बहुगुणी कपडा याहून वेगळा कोणता असतो? लग्नाला जाताना जावेची पैठणी मागून नेणे यात कमीपणा नव्हता. थोरल्याचा सदरा धाकट्याला, तो सदराही आधी वाढत्या अंगाचा शिवलेला, आत माया राखलेली. लुगडे मध्ये विरले की विरलेला भाग काढून दोन चांगले तुकडे जोडायचे, दंड घालायचा. दंड घातलेले लुगडे आणखी दोन वर्षे जाई. त्यानंतर त्याचा परकर, परकराचे झबले, मऊसूत झालेल्या भागाचे दुपटे, उरलेल्या पदरांची गोधडी, आणि अगदी शेवटी चुलीवरचे भांडे उतरवायला मसोते. एका लुगड्याने चार-पाच जणांचे अंग झाकलेले असे. कपाट एका माणसाचे नव्हते, घराचे होते. म्हणून माणशी कपडे कमी दिसत.

हे चित्र गोड करून सांगायचा माझा विचार नाही. धाकट्याला थोरल्याचा सदरा आवडत नसे. आणि या जुन्या व्यवस्थेत सक्तीही होती, ती तर आजच्या उपदेशाने मुद्दाम आठवावी अशी. थोडे, एकरंगी, कधी न बदलणारे कपडे महाराष्ट्रात होते. ते केशवपन केलेल्या ब्राह्मण विधवेचे होते: रंगीत काठ गेले, चोळी गेली, उरले ते लाल आलवण. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी मेलेल्यांची वस्त्रे वापरावीत असे सांगितले आहे. तेही एक प्रकारचे मिनिमलिझमच म्हणायचे. ज्या समाजात शतकानुशतके कुणी काय नेसू नये हे ठरवून दिलेले होते, तिथे ‘कमीच बरे’ हे सूत्र सगळ्यांना सारखे कसे लागू होईल?

१९२७ च्या डिसेंबरात महाडच्या परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब आंबेडकर तिथे जमलेल्या स्त्रियांशी स्वतंत्र बोलले, आणि बोलण्याचा बराच भाग कपड्यांवर होता. लुगडे अंगभर, पायघोळ नेसा, ज्यांवरून जात ओळखू येते ते गळ्यातले, हातांतले जडशीळ दागिने टाका, स्वच्छ राहा. परत जाताना अनेकींनी नेसण बदललेली होती. इथे कपडा वाढवणे हा मुक्तीचा भाग होता. स्वतः बाबासाहेबांचा सूट-बूटही जुन्या सक्तीला दिलेल्या त्याच उत्तराचा भाग. महाडच्या आधी सहा वर्षे, २२ सप्टेंबर १९२१ रोजी, मदुराईत गांधीजींनी पूर्ण पोशाख सोडून पंचा नेसला. ज्यांना पुरते कापडच मिळत नाही त्यांच्याशी समान होण्यासाठी केलेला तो त्याग होता. दोघांचेही बरोबर होते, कारण दोघांची सुरुवात वेगवेगळ्या जागेवरून होती. ज्याच्याकडे आहे तो सोडू शकतो. ज्याला कधी मिळालेच नाही त्याला सोडायला सांगणे हा उद्धटपणा आहे. परीट घरात जन्मलेले गाडगेबाबा आयुष्यभर ठिगळांच्या कपड्यांत वावरले, पण त्यांनी लोकांना सांगितले ते मुलांना शिकवा आणि स्वच्छ राहा. चिंध्या पांघरा असे त्यांनी कुणाला सांगितले नाही. पहिल्या पगारात आईला तीन साड्या घेणाऱ्या मुलाला कपाट आटोपशीर ठेवण्यावर प्रवचन देणाऱ्याने थोडे थांबावे.

राहता राहिला निसर्गाचा दावा. उपदेशाची पहिली पायरी नेहमी एकच असते: कपाट उपसा आणि नको ते काढा. काढलेले जाते कुठे? पूर्वी दारात बोहारीण यायची. जरीचे काठ, पँटी, शर्ट तिच्या पुढ्यात पडायचे, तासभर घासाघीस चालायची आणि एक स्टीलचा डबा घरात यायचा. ती फुकट काही घेत नसे आणि फाटके तर मुळीच घेत नसे; त्यामुळे तिला द्यायच्या आधी कपड्याची डागडुजी घरातच व्हायची. आता पिशवी ‘दान’ म्हणून जाते आणि देणारा मोकळा होतो. श्रीमंत देशांतल्या अशा पिशव्यांचे काय होते ते पाहायचे तर हरियाणातल्या पानिपतला जावे. मराठी माणसाला ते गाव वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. तिथे परदेशातून वापरलेले लोकरी कपडे येतात, पुन्हा विकले जाऊ नयेत म्हणून फाडलेले. बायका बटणे आणि चेनी काढतात, रंगवार ढीग लावतात, यंत्रे ते पिंजतात आणि त्या धाग्यातून स्वस्त ब्लँकेटे होतात. मेघना गुप्ता यांच्या ‘अनरॅव्हल’ या २०१२ च्या माहितीपटात तिथल्या बायका तर्क करतात की परदेशात पाणी फार महाग असावे, म्हणून लोक धुण्याऐवजी टाकून देत असावेत. मी वाचलेल्या कपड्यांवरच्या सगळ्या मीमांसेत इतके सरळ अनुमान दुसरे नाही.

लोकर निदान पिंजता येते. आजचा ‘सगळीकडे चालणारा’ कपडा बहुधा सूत, पॉलिएस्टर आणि ताणला जाणारा इलास्टेन यांचे मिश्रण असतो. ताण सुटला की त्याला रफू नाही, उलगडून वेगळे करण्याची सोपी वाट नाही, आणि लेगिंगचे दुपटे होत नाही. ३३ कपडे दर वर्षी बदलणारा माणूस दहा वर्षांत ३३० कपडे संपवतो. शंभर कपडे वीस वर्षे वापरणारी बाई त्याच्यापुढे उधळी ठरते, कारण तिचे कपाट भरलेले दिसते. मोजणी कपाटात होते, झीज बाहेर होते. हा या मताचा सगळ्यात मोठा दोष.

मग मंडन काय? मोजायचेच असेल तर एकेक कपडा किती वर्षे आणि किती अंगांवर गेला ते मोजावे. कपडे खरोखर कमी करण्याचा मोठा प्रयोग इंग्लंडात झालेला आहे. तिथे १ जून १९४१ पासून कपड्यांवर रेशन आले; पहिल्या वर्षी माणशी ६६ कुपने, त्यांतली पुरुषाच्या सुटाला २६ आणि बाईच्या लोकरी झग्याला ११ जात. १९४९ पर्यंत ते चालले. १९४३ मध्ये सरकारने यासाठी जी पुस्तिका काढली तिचा भर दुरुस्तीवर होता: रफू, ठिगळ, जुन्याचे नवे. कपडा कमी घ्यायचा तर तो टिकवावा लागतो, आणि टिकवायचा तर हातात सुई असावी लागते किंवा सुई असलेला माणूस ओळखीचा असावा लागतो.

आपल्याकडे ही विद्या अजून मेलेली नाही. साडीला लावलेला फॉल म्हणजे काय? काठाऐवजी स्वतः झिजायला ठेवलेली पट्टी. झिजली की उसवून नवी लावता येते. शर्टाची कॉलर घासली की शिंपी ती उसवून उलटी बसवत असे आणि शर्ट दोन वर्षे पुढे जाई. आजही सांगितले तर पुष्कळ जण करून देतात, फक्त सांगणारे उरले नाहीत. कपडा घेताना आत माया किती आहे ते उलटून पाहावे. कमरेला दोन बोटे सोडता येत नसतील तर तो कपडा तुमच्या आजच्या पोटापुरताच आहे. ठेवणीतले ठेवणीतच राहू द्यावे. लग्नापुरता शालू बहिणीकडून आणावा आणि आपला तिला द्यावा. रंगांची भीती बाळगू नये. नवरात्रातले नऊ दिवसांचे नऊ रंग हे शास्त्राबिस्त्रात नाहीत, वर्तमानपत्राने रुळवलेले अलीकडचे खूळ आहे, त्यासाठी नव्या साड्या घेऊ नयेत एवढे मात्र मी उपदेशकांच्या सुरात सूर मिसळून सांगेन.

आणि तुम्ही या दिवाळीला कपाट उपसणारच असाल तर एक विनंती. ठेवायचे, द्यायचे आणि टाकायचे असे तीन ढीग सगळेच करतात. आधी चौथा करा, शिंप्याकडे न्यायचा. बाकीच्या तिघांना हात लावण्यापूर्वी तो त्याच्या दुकानात पोचवा, आणि तो परत आल्यावर काय टाकायचे उरते ते पाहा.